आधी डोळा, मग गुण्या

"सर, मी सांगली जिल्ह्यातला, वय २२. आयटीआयला सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स केला. आता आठ महिने पुण्यात एका मिस्त्रींच्या हाताखाली फर्निचरच्या कामावर आहे. माप चुकत नाही, मशीनही चालवता येतं. पण मिस्त्री लांबूनच म्हणतात, 'पल्ला दोन सुतांनी कललाय', 'हा कोपरा गुण्यात नाही', म्हणजे काटकोनात नाही. गुण्या लावून बघितलं की ते खरंच निघतं. मला त्याच जागी उभं राहून काही दिसत नाही. ड्रॉइंग हातात दिलं तरी कपाट डोळ्यांपुढे उभं राहत नाही. गेल्या महिन्यात मी एका कपाटाच्या दोन्ही बाजू डाव्याच करून ठेवल्या, प्लाय वाया गेला. मिस्त्री म्हणाले, 'नजर असावी लागते, ती विकत मिळत नाही.' माझ्याकडे नजरच नसेल तर दुसरं काम बघू का? आणि भिंतीवर उजेडाची सरळ रेघ पाडणारी लेझर लेव्हल घेतली तर भागेल का?"
– एक शिकाऊ सुतार

प्रिय मित्रा,

तीस वर्षं तुझ्याच वयाच्या पोरांना सुतारकाम शिकवलं, म्हणून एकेरीतच लिहितो.

काम सोडायचा विचार आत्ता डोक्यातून काढून टाक. तुझे मिस्त्री अर्धं बरोबर बोलले. नजर विकत मिळत नाही हे खरं, पण ती कुणी आईच्या पोटातून घेऊनही येत नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचे २१७ अभ्यास एकत्र तपासले. वस्तू मनात फिरवून बघणं, कोन आणि अंतर ओळखणं हे सगळं सरावाने सुधारतं, सुधारलेलं टिकतं आणि ज्या कामाचा सराव केला नाही तिथेही उपयोगी पडतं, असं त्यातून निघालं. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, पण वर्कशॉपमध्ये दरवर्षी दिसत होतं. जुलैमध्ये काटकोन न कळणारं पोरगं मार्चमध्ये दुसऱ्याच्या टेबलाचा पाय वाकडा आहे म्हणून बोट दाखवायचं.

मिस्त्रींना जे दिसतं आणि तुला दिसत नाही, ते नक्की काय असतं ते आधी समजून घे.

तो कललेला पल्ला घे. सात फुटी दार, उंचीत दोन सुतांचा फरक. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा ८४ इंचांत पाव इंच. अंशात काढलास तर हा कोन एका अंशाचा जेमतेम सहावा भाग भरतो. एवढा कोन नुसत्या डोळ्याने कुणालाच ओळखता येत नाही, मिस्त्रींनाही नाही. मग ते कसं सांगतात? ते कोनाकडे बघतच नाहीत. ते पल्ला आणि चौकट यांच्यामधली फट बघतात. कडीच्या बाजूची फट वर एक सूत आहे आणि खाली तीन सूत. एकाला तीन, म्हणजे तिप्पट. हा फरक दहा फुटांवरूनही दिसतो, फक्त तिकडे बघायचं असतं. तू बहुधा अख्खा पल्ला बघत असशील, त्याचा रंग, सनमायका, हँडल, सगळंच. उद्या कामावर गेलास की पल्ला विसर. फटीत जो काळा पट्टा दिसतो तेवढाच वरून खाली बघत ये. मग वरच्या फटीवर ये आणि बिजागरीकडून कडीकडे जा. ती कडीकडे रुंदावत असेल तर पल्ला लटकला.

माणसाचा डोळा मोजायला कच्चा आणि तुलना करायला फार पक्का आहे. दोन रेघा एका ओळीत आहेत की केसभर सरकल्यात, हे तो इतकं बारीक ओळखतो की त्यावर एक अख्खं मोजमापाचं साधन उभं आहे. पिएर व्हर्निये याने १६३१ साली मांडलेली ती सरकती पट्टी, आयटीआयत तू हाताळलेला व्हर्नियर कॅलिपर. त्यात आपण काय करतो? खालची कुठली रेघ वरच्या रेघेला जुळली एवढंच बघतो. अनुभवी मिस्त्री प्रत्येक ठिकाणी असा व्हर्नियर शोधत असतो. कपाटाची कड आणि मागच्या टाइल्सचा सांधा. शेल्फची धार आणि खिडकीची पट्टी. आपल्या कामाशेजारी सरळ असलेलं काहीतरी सापडलं की डोळ्याचं काम निम्मं हलकं होतं.

आणखी एक गोष्ट. उभ्या आणि आडव्या रेघेतला बिघाड डोळ्याला चटकन कळतो, तिरप्या रेघेतला कळत नाही. सगळ्यांचंच असं असतं. त्यामुळे ४५ अंशाच्या जोडात तुझा अंदाज चुकतो म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तिथे मान एवढी कलती कर की ती रेघ तुझ्या डोळ्याला उभी किंवा आडवी होईल, किंवा तुकडाच उचलून फिरव. म्हातारे सुतार मान वाकडी करून बघताना तू पाहिले असतील.

आता तुझं कुठे अडतंय ते सांगतो. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "गुण्या लावून बघितलं की ते खरंच निघतं." गुण्या लागेपर्यंत तू थांबतोस. आठ महिने तू रोज गुण्या, टेप, पाणसळ (बुडबुड्याची लेव्हल) यांना विचारत आलास आणि त्यांनी बरोबर उत्तरं दिली. डोळ्याला कुणी प्रश्नच विचारला नाही, मग तो शिकणार कसा? क्रम उलटा कर. आधी डोळा, मग गुण्या. हत्यार लावायच्या आधी अंदाज करायचा, आणि मोघम नाही, आकड्यात. "हा कोपरा उघडा आहे, फूटभरात एक सूत." मग गुण्या लाव आणि फरक बघ. खिशात छोटी वही ठेव. एका बाजूला अंदाज, दुसरीकडे खरं माप, शेवटी चूक किती आणि कुठल्या दिशेला. दिवसाला दहा नोंदी पुरेत, पण त्या मोजण्याच्या आधी लिहिलेल्या हव्यात. मोजून झाल्यावर "मला वाटलंच होतं" म्हणणारा डोळा काही शिकत नाही.

दिशा लिही म्हटलं ते उगीच नाही. पंधरा दिवसांनी वही चाळ, बहुतेक तुझ्या चुका एकाच बाजूला पडलेल्या दिसतील. कुणी कोन नेहमी मोठा धरतो, कुणाला उंची कमी वाटते, कुणाचं डावीकडचं सगळं बिघडतं. आपली खोड कळली की अंदाजातच ती वजा करता येते.

कोन आकड्यात सांगायला सुताराला एक सोपी गाठ पुरते. पाच फुटांना एक इंच म्हणजे जवळपास एक अंश. दहा फुटांच्या भिंतीत एका अंशाची चूक असेल तर दोन इंच गेले. दोन फुटी ओट्यावर तोच एक अंश तीन सुतांहून थोडा जास्त. एवढं डोक्यात बसलं की "थोडं वाकडं वाटतंय" हे शब्द जातील आणि तू मापात बोलायला लागशील. कामाबाहेरही सराव कर. घड्याळात दोन तासांच्या आकड्यांमध्ये ३० अंश असतात, मिनिटाच्या दोन खुणांमध्ये ६. जिन्याची पायरी सात इंच उंच आणि दहा इंच रुंद असेल तर जिन्याचा चढ ३५ अंशांचा. चार फूट उंचीला पाय एक फूट बाहेर अशी टेकवलेली शिडी साधारण ७६ अंशांवर उभी असते. बसची वाट बघताना समोरच्या छपराचा उतार किती ते सांग स्वतःला. मोबाईलमध्ये कोन मोजता येतो, तो जरूर मोज, पण नंतर.

मात्र ज्या गुण्यावर तू डोळा पारखणार, तो गुण्या आधी पारखून घे. हे मी स्वतः भोगलंय. शिकाऊ असताना माझा गुण्या परांचीवरून खाली पडला. मी उचलला, पुसला आणि त्याच गुण्यावर सात बाय तीनच्या पाच चौकटी जोडल्या. आमचे म्हातारे मिस्त्री शेडच्या दारात आले, भिंतीला ओळीने टेकवलेल्या चौकटींकडे बघितलं आणि म्हणाले, "सगळ्या एकाच अंगाला कलल्यात." मी गुण्या लावून दाखवला, ज्या कोपऱ्यावरून चौकट जोडली होती तो चोख बसत होता. ते वाद घालायला थांबले नाहीत. सुतळी घेतली, एक कर्ण मोजला, मग दुसरा. साडेचार सूत फरक! माझा गुण्या नऊ इंचांत अर्ध्या सुताहून थोडा जास्त सरकला होता. पाचही चौकटी सोडवून परत जोडल्या, पण त्या दिवशी मजुरी गेली याच्यापेक्षा जास्त मला हे लागलं की मी पाच वेळा त्या चौकटींसमोर उभा राहिलो आणि डोळ्याला एकदाही विचारलं नाही.

गुण्या तपासायची रीत तुला शिकवलीच असेल, तरी लिहितो. प्लायच्या कारखान्यातून आलेल्या सरळ कडेला गुण्या टेकव, बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघ मार. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी रेघ मार. दोन्ही एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर टोकाला जेवढी फाक, त्याच्या निम्मी गुण्याची चूक. आणि कर्ण मोजताना समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत ना, हे आधी बघ. वर अरुंद आणि खाली रुंद झालेल्या चौकटीचे कर्णही सारखे भरतात.

आता कुठे उभं राहायचं ते सांगतो. नजर नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या पोरांपैकी बरीच नुसती चुकीच्या जागी उभी असायची.

दोन्ही हातांनी मध्ये छोटी फट ठेव, हात लांब कर, त्या फटीतून लांबचा एखादा खांब बघ आणि एकेक डोळा मिट. ज्या डोळ्याला खांब फटीतच दिसतो तो तुझा मुख्य डोळा. करवत चालवताना हा डोळा रेघेच्या बरोबर वर पाहिजे. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा मुख्य डोळा डावा असेल तर मान थोडी उजवीकडे न्यावी लागते, नाहीतर काप कायम एका बाजूला झुकतो आणि पोरगं म्हणतं माझा हातच वाकडा. टेप वाचतानाही डोळा खुणेच्या नेमका वर हवा, बाजूने वाचलेलं माप सरकतं.

हातकरवत असेल तर तिचं पातं पुसून चकचकीत कर. फळीच्या कडेवर आडवी धरलीस की पात्यात कडेचं प्रतिबिंब दिसतं. खरी कड आणि प्रतिबिंब एका सरळ रेघेत आले, मध्ये मोड दिसत नाही, तेव्हा करवत काटकोनात आहे, उभीही आणि आडवीही. प्रतिबिंब कडेशी काटकोन करतंय असं दिसलं तर करवत ४५ वर आहे. रेघ न मारता काटकोनात कापणारे जुने सुतार हेच बघत असत. मशीनवर काम असलं तरी आरशाचा तुकडा घेऊन एकदा करून बघ, फार आवडेल तुला.

फळीला पीळ आहे का बघायचं तर दोन्ही टोकांना एकेक सरळ, सारख्या रुंदीची पट्टी आडवी ठेव. मग उकिडवा बस, एक डोळा मिट आणि जवळच्या पट्टीच्या धारेवरून लांबच्या पट्टीची धार बघ. मान हळूहळू खाली ने. लांबची पट्टी दोन्ही टोकांना एकाच वेळी बुडाली तर फळी सरळ. एक टोक आधी बुडालं आणि दुसरं अजून दिसतंय, तर तिथे पीळ आहे. पट्ट्या फळीच्या रुंदीपेक्षा लांब घे. नऊ इंची फळीवर दोन फुटी पट्ट्या ठेवल्यास तर तोच पीळ जवळजवळ पावणेतीन पट मोठा होऊन दिसतो. नजर तीच असते, दोष मोठा करून तिच्यापुढे ठेवलेला असतो. फळीचा बाक बघताना ती बंदुकीसारखी डोळ्याला लावतात तीही याचसाठी, आठ फूट लांबी डोळ्यापुढे एवढीशी होते आणि बाक उठून दिसतो. आणि गुण्या लावलास की तोंड उजेडाकडे कर. पातं आणि लाकूड यांच्यामधून येणारी उजेडाची रेघ केसाहून बारीक असली तरी दिसते. सावलीत तोच सांधा चोख वाटतो.

डोळा फसतो कुठे, तेही माहीत असावं. १८६० साली त्सोल्नर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने कापडाच्या नक्षीत पाहिलं की समांतर रेघांवर तिरप्या छोट्या रेघा मारल्या की त्या रेघा एकमेकींकडे झुकल्यासारख्या दिसतात. आपल्याकडे तिरप्या रेषांचा सनमायका असतो, सागाच्या व्हिनिअरची नक्षी एका अंगाला गेलेली असते, तिथे हेच घडतं. गिऱ्हाईक म्हणतं कपाट वाकडं आहे आणि ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, म्हणतो सरळ आहे. अशा वेळी ओळंब्याचं ऐक, पण पुढच्या वेळी व्हिनिअर कापतानाच नक्षी उभी लाव, कारण त्या घरात राहणारा माणूस रोज ओळंबा घेऊन बघणार नाही. एकदा डोळेही तपासून घे. नंबर असेल आणि चष्मा नसेल तर हा सगळा सराव निम्माच लागू पडेल.

कपाटाच्या दोन डाव्या बाजू. यासाठी तुला वाईट वाटलं असणार, पण ही चूक प्रत्येक सुताराच्या खात्यात एकदा तरी असते. ती मनात आकृती फिरवत बसून टाळायची नसते, त्यासाठी पेन्सिल असते. दोन्ही बाजू उघडलेल्या पुस्तकासारख्या टेबलावर मांड, आतली अंगं वर, पुढच्या कडा मध्ये एकमेकींना लागलेल्या. दोन्हींवर मिळून एक मोठा त्रिकोण काढ, टोक वरच्या दिशेला. आता बिजागरी, शेल्फ, ट्रॉलीच्या पट्ट्या यांच्या सगळ्या खुणा पुस्तक तसंच उघडं ठेवून एकदमच कर. नंतर तुकडे कुठेही जाऊ देत, अर्धे त्रिकोण जुळले नाहीत तर काहीतरी उलटं झालंय. खालची आणि वरची फळी, ड्रॉवरच्या चार पट्ट्या, सगळ्यांना हीच खूण चालते.

ड्रॉइंगचं भान मात्र हाताने येतं. अंगाला लावायच्या साबणाची वडी घे आणि चाकूने एका कोपऱ्यातून चौकोनी खाच काढ. मग समोरून, वरून आणि बाजूने काय दिसतं ती तीन चित्रं काढ. दुसऱ्या दिवशी उलटं कर, आधी तीन चित्रं काढ आणि त्यावरून वडी काप. कुठे तरी रेघ चुकलेली सापडेल आणि ती का चुकली हे बोटांनाच कळेल. वडी छोटी होत गेली तरी धुवायला चालते, वाया काही जात नाही. कामावर रोज एक गोष्ट कर. मिस्त्रींनी ड्रॉइंग दिलं की लगेच कापायला धावू नकोस. कागदाच्या मागे हाताने कपाटाचं उभं चित्र काढ, दार कुठल्या बाजूला उघडतं ते बाणाने दाखव आणि त्यांना विचार, असंच ना? दोन मिनिटं जातात आणि प्लाय वाचतो. रागावले तरी विचार.

मिस्त्रींना विचारायची पद्धतही बदल. "तुम्हाला कसं दिसतं?" याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, म्हणूनच ते नजर असावी लागते म्हणाले. त्यात मला त्यांचा वाईट हेतू दिसत नाही. इतक्या वर्षांत बघण्याची जागा त्यांच्या अंगात मुरली, ती शब्दांत सांगायची वेळ कधी आली नाही. तू विचार, "तुम्ही आत्ता कुठे बघत होता?" बोट दाखवतील. त्या बोटाच्या टोकाला काय आहे ते वहीत लिही. आणि ते जिथे उभे होते तिथे, त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर जाऊन बघ.

राहिली लेझर लेव्हल. जमेल तेव्हा घे, चांगली वस्तू आहे. बारा फुटी भिंतीवर ट्रॉलीची ओळ मारायला तिच्यासारखं काही नाही. पण फ्लॅटच्या भिंतींचे कोपरे गुण्यात नसतात, कोपऱ्यात प्लास्टर जाड बसलेलं असतं, आणि कपाट त्या भिंतीला चिकटवायचं असतं. तिथे लेझरची रेघ सरळ जाईल आणि भिंत वाकडीच राहील. तेव्हा पट्टी भिंतीला टेकवून, कंपासचं एक टोक भिंतीवरून फिरवत दुसऱ्या टोकाने भिंतीचा आकार पट्टीवर उतरवायचा आणि त्या रेघेवर रंधा मारायचा, हे हातालाच करावं लागतं. आणि लेझर पडली तर तीही माझ्या गुण्यासारखीच खोटं बोलते. तिची रेघ समोरच्या भिंतीवर खुणेने नोंद, ओळंबा सोडून उभी रेघ पडताळ, महिन्यातून एकदा तरी. पाणसळही तशीच. फळीवर ठेव, बुडबुडा कुठे आहे बघ, मग टोकं अदलाबदल करून त्याच जागी परत ठेव. बुडबुडा त्याच खुणेला आला तर ती खरी. पैसे साठेपर्यंत तीन फुटी पाणसळ, पितळी ओळंबा आणि तपासलेला गुण्या एवढ्यावर तुझं सगळं काम होईल.